सीआरपीचे दोन अहवाल आणि एक हृदयरुग्ण : धाराशिव जिल्ह्यातील एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कळंब तालुक्यातील एका गावात राहणाऱ्या, ५२ वर्षे वयाच्या शेतकरी बाईंचे आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाच्या रक्तातील दाहाचे (इन्फ्लेमेशनचे) निर्देशक, मुख्यतः सीआरपी म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, कसे वाचावेत, आणि कोणत्या परिस्थितीत ते वाचण्याचा प्रयत्नच करू नये, हा या टिपणाचा विषय आहे. असे निर्देशक आता तालुक्याच्या गावातील लॅबमध्येही मोजून मिळतात आणि आरोग्य शिबिरांच्या ‘पॅकेज’मध्येही असतात, त्यामुळे आकडा आधी हाती येतो आणि तो का मोजला याचा विचार मागाहून होतो. या बाईंच्या बाबतीत नेमके तसेच घडले.

आजाराची पार्श्वभूमी

फेब्रुवारीत, हरभऱ्याच्या काढणीच्या दिवसांत, त्यांना छातीत जळजळ आणि डाव्या खांद्यात जडपणा जाणवू लागला. दोन दिवस ते ‘पित्त’ समजून अंगावर काढले गेले. मधुमेह असलेल्या स्त्रियांमध्ये झटक्याची लक्षणे अनेकदा अशीच अस्पष्ट असतात, हे सर्वांना माहीत असूनही पित्ताची गोळीच आधी दिली जाते. तिसऱ्या दिवशी दरदरून घाम आला, तेव्हा ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढला गेला. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणारी ट्रोपोनिनची चाचणी सकारात्मक आली आणि त्यांना लातूरला हलवण्यात आले. ईसीजीमध्ये एसटी भाग उंचावलेला नव्हता, म्हणजे झटका ‘एनस्टेमी’ प्रकारचा होता. अँजिओग्राफीत हृदयाच्या डाव्या बाजूने पुढे उतरणाऱ्या मुख्य धमनीत (एलएडी) ९० टक्के अडथळा आढळला आणि तेथे औषधी लेप असलेला एक स्टेंट बसवला गेला. उजव्या धमनीत ४० टक्के अरुंदपणा होता. त्यावर औषधोपचारच योग्य होते. हा सर्व खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला. टूडी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची आकुंचनक्षमता ४८ टक्के होती.

घरी जाताना अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम (कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन), मेटोप्रोलॉल, रामिप्रिल आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अशी औषधे लिहून दिलेली होती. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन ०.९ होते. त्याच फाइलमध्ये दाखल झाल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाची सीआरपी दर लिटरला ४१ मिलिग्रॅम अशी नोंदलेली होती. त्या वेळी तिच्याकडे कोणाचेही लक्ष गेले नाही, आणि ते बरोबरच होते. हृदयाच्या स्नायूचा काही भाग मृत झाला की शरीर त्याची साफसफाई सुरू करते आणि सीआरपी काही तासांतच चढू लागून साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर पोहोचते. तो आकडा झटका येऊन गेल्याचे सांगतो. झटक्यापूर्वी त्या बाईंच्या धमन्यांत किती दाह होता याविषयी त्यावरून काही सांगता येत नाही.

१.२ आणि १४.६

डिसेंबरमध्ये बाईंचा पुण्यात नोकरी करणारा मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला. त्याच्याजवळ दोन कागद होते. ऑगस्टमधील शिबिराच्या अहवालात सीआरपी १.२ होती, नोव्हेंबरमध्ये खासगी लॅबने केलेल्या तपासणीत ती १४.६ होती. दुसऱ्या कागदावर खाली छापलेला तक्ता सांगत होता की १ पेक्षा कमी म्हणजे हृदयाला कमी धोका, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर अधिक धोका. तीन महिन्यांत आकडा बारापट झाला, याचा अर्थ स्टेंट पुन्हा बंद होत आहे, असा निष्कर्ष त्याने काढला होता आणि पुन्हा अँजिओग्राफी करावी, असा त्याचा आग्रह होता. “सर, आईला काही त्रास जाणवत नसला तरी रक्तच सांगतंय ना,” हे त्याचे म्हणणे होते. मोबाइलवर वाचून तो कोल्चिसीन या दाह कमी करणाऱ्या गोळीचे नावही घेऊन आला होता. त्याची काळजी खरी होती आणि वाचनही वरवरचे नव्हते. चूक कागदावरच्या एककात दडलेली होती.

शिबिराच्या अहवालात एकक मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर होते आणि लॅबच्या अहवालात मिलिग्रॅम प्रति लिटर. एका लिटरमध्ये दहा डेसीलिटर असतात, म्हणून ऑगस्टमधील १.२ म्हणजेच दर लिटरला १२ मिलिग्रॅम. बारा आणि १४.६ यांच्यातील फरक एकाच माणसाच्या दोन दिवसांतल्या चढउतारातही सहज बसतो. बारापट वाढ झालेलीच नव्हती. माझ्या मते प्रयोगशाळांनी हा एककांचा घोळ आता तरी संपवावा. हृदयाच्या धोक्याचा तक्ता छापायचा तर आकडा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्येच द्यावा, कारण तो तक्ता त्याच एककात तयार झालेला आहे.

दुसरा मुद्दा चाचणीच्या प्रकाराचा. दोन्ही तपासण्या साध्या सीआरपीच्या होत्या. न्यूमोनिया, सेप्सिस, संधिवात अशा आजारांत आकडा दहापट-शंभरपट चढतो, तेव्हा ही साधी चाचणी पुरेशी असते. हृदयाच्या धोक्याचा अंदाज घ्यायचा असेल तर १ आणि २ मधला फरक विश्वासाने मोजता आला पाहिजे, आणि त्यासाठी उच्च संवेदनशीलतेची, म्हणजे एचएस-सीआरपी ही पद्धत लागते. प्रथिन तेच असते. मोजण्याची बारकाई वेगळी असते. १, ३ आणि त्यावरील या पायऱ्या अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्र आणि अमेरिकन हार्ट असोसिएशन यांनी २००३ साली संयुक्तपणे सुचवल्या. त्याच निवेदनात असेही म्हटले होते की प्रकृती स्थिर असताना साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यावी, आणि आकडा १० च्या वर गेला तर तो बाजूला ठेवून आधी संसर्ग किंवा दाहाचे दुसरे कारण शोधावे. तक्ता सगळीकडे छापला जातो. ही अट मात्र सहसा छापली जात नाही. बाईंचे दोन्ही आकडे १० च्या वर होते. त्यामुळे हृदयाच्या संदर्भात ते दोन्ही वाचण्याजोगे नव्हते.

अँजिओग्राफीच्या प्रश्नाचे उत्तर यातच होते. बाईंना चालताना छातीत दुखत नव्हते, दम लागत नव्हता, ईसीजीत नवा बदल नव्हता आणि इको पूर्वीसारखाच होता. सीआरपी वाढली म्हणून स्टेंट तपासायला धमनीत नळी घालण्याचा कोणताही आधार वैद्यकात नाही. शिवाय त्या तपासणीतील रंगद्रव्याचा मूत्रपिंडावर भार पडतो, आणि या बाईंच्या बाबतीत तो धोका किती जवळ होता हे थोड्याच वेळात कळले.

सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांनी १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते ओळखले. न्यूमोकोकस जंतूच्या ‘सी’ शर्करेशी ते संयोग पावते, म्हणून त्याला हे नाव मिळाले. शरीरात कोठेही दाह सुरू झाला की तेथील पेशी इंटरल्यूकिन-१ बीटा आणि पुढे इंटरल्यूकिन-६ हे संदेशरेणू सोडतात, आणि इंटरल्यूकिन-६ च्या आज्ञेवरून यकृत सीआरपी बनवू लागते. रक्तातील तिचे अर्धायुष्य (पातळी निम्मी होण्यास लागणारा वेळ) साधारण १९ तास असते आणि आजार कोणताही असला तरी ते जवळपास तेवढेच राहते. म्हणजे आकडा उत्पादनावर अवलंबून असतो आणि मूळ कारण थांबले की काही दिवसांत खाली येतो. दाह दातात आहे, सांध्यात आहे की धमनीत, याची यकृताला पर्वा नसते. रात्री कुत्रे भुंकले म्हणजे कोणीतरी आले एवढे कळते. पाहुणा आहे की चोर, ते दार उघडून पाहावे लागते.

दार उघडल्यावर

बाईंना पहिला प्रश्न विचारला तो ऑगस्टमध्ये त्यांना काय होत होते, हा. मुलाला आठवत नव्हते. त्यांना मात्र लख्ख आठवत होते. “दाढ लई ठणकायली होती, गाल सुजला होता. लवंग धरून बसले,” असे त्या म्हणाल्या. सुजलेल्या गालासह त्या शिबिरात गेल्या, रक्त दिले, आणि दाढेविषयी त्यांना कोणी विचारले नाही. सप्टेंबरच्या अखेरीस गावात तापाची साथ आली. त्यांनाही तीन दिवस ताप आला आणि मग मनगटे, घोटे, बोटांचे सांधे असे धरले की सकाळी उठून चूल पेटवणे अवघड झाले. पुढे केलेल्या तपासणीत चिकुनगुनियाची आयजीएम प्रतिपिंडे आढळली. ज्या गावांत नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते, तेथे टिपाड, रांजण आणि सिमेंटच्या टाक्या भरून ठेवाव्याच लागतात, आणि एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. चिकुनगुनियानंतरचे सांध्यांचे दुखणे महिनोन्महिने टिकू शकते, आणि तेवढा काळ सीआरपीही वर राहू शकते. नोव्हेंबरच्या आकड्याला एवढे कारण पुरेसे होते.

पण याच कथनात या प्रकरणातील सर्वांत गंभीर गोष्ट सापडली. सांधे दुखतात म्हणून ऑक्टोबरपासून त्या मेडिकलमधून बांधून मिळणारी गोळ्यांची पुडी रोज घेत होत्या. एका पुडीत तीन गोळ्या होत्या. वेष्टण जवळ असलेली एक गोळी डायक्लोफेनॅक होती. दुसरी पित्ताची होती. तिसरी सुटी, पांढरी आणि बिननावाची होती. त्यांची क्रिएटिनिन पातळी आता १.३ होती, म्हणजे मूत्रपिंडाचा अंदाजित गाळणदर मिनिटाला सुमारे ४९ मिलिलिटरवर आला होता. रामिप्रिल चालू असताना डायक्लोफेनॅक दिले की मूत्रपिंडावर दुहेरी ताण येतो, आणि मधुमेह तेथे आधीपासून होताच. अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेलसोबत वेदनाशामक घेतल्याने जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. डेन्मार्कमधील राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की झटक्यानंतर रक्त गोठू न देणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांना या वर्गातील वेदनाशामके दिली असता रक्तस्राव आणि पुन्हा हृदयविकाराची घटना या दोन्हींचे प्रमाण वाढले, आणि हे अगदी थोड्या दिवसांच्या वापरातही दिसले. म्हणजे ज्या आकड्याने घर हादरले तो आकडा एका मर्यादेपर्यंत निरुपद्रवी होता, आणि ज्या गोळीने दुखणे थांबत होते तीच गोळी हृदयाला आणि मूत्रपिंडाला धोक्यात घालत होती.

बिननावाच्या गोळीत स्टेरॉइड होते की नाही, हे ठरवण्याचे साधन हाताशी नव्हते. अशा पुड्यांत ते असल्याचे ग्रामीण भागातील प्रत्येक डॉक्टरच्या अनुभवास येते. स्टेरॉइड दाह दाबते आणि सीआरपीही खाली आणते, म्हणून पुडी चालू असताना आलेला ‘नॉर्मल’ आकडाही तितकाच फसवा ठरू शकतो, हे येथे नोंदवून ठेवतो. पुडी बंद केली. अंगात शीण, उलट्या किंवा चक्कर आल्यास लगेच यावे, असे सांगितले, कारण स्टेरॉइड एकाएकी थांबल्यावर तसे होऊ शकते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, गरम पाण्याचा शेक आणि सांध्यांचे सौम्य व्यायाम सुचवले. चार आठवड्यांनी क्रिएटिनिन १.० वर आले. सकाळचा जडपणा अर्ध्या तासाच्या आत आला आणि अँटी-सीसीपी चाचणी नकारात्मक होती, त्यामुळे संधिवाताभ आमवाताची (ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिसची) शंका मागे पडली. ती शंका घेणे आवश्यक होते, कारण तो आजार स्वतःच हृदयधमनी विकाराचा धोका वाढवतो.

उरलेल्या दाहाचा उगम

ताप, दाढेची सूज आणि पुडी या तीनही गोष्टी मागे पडल्यावर, जानेवारीत दोन आठवड्यांच्या अंतराने एचएस-सीआरपी दोनदा मोजली. आकडे ६.४ आणि ५.८ आले. सरासरी ६.१. आता हा आकडा वाचण्याजोगा होता, आणि तो चांगला नव्हता.

याच टप्प्यावर मुलाने आणखी चाचण्यांची यादी पुढे केली: इंटरल्यूकिन-६, फायब्रिनोजेन, मायलोपेरॉक्सिडेज, एलपी-पीएलए२, होमोसिस्टीन. त्यांतील एकही करण्याचे मी सुचवले नाही. इंटरल्यूकिन-६ हा शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा रेणू असला तरी दिवसभरात त्याची पातळी बदलते आणि रोजच्या उपचारात वापरता येईल असा सर्वमान्य उंबरठा त्याला नाही. एलपी-पीएलए२ या विकराला रोखणारे डॅराप्लॅडिब हे औषध २०१४ साली दोन मोठ्या औषध-चाचण्यांत अपयशी ठरले, आणि निर्देशकाचा रोगाशी संबंध असला म्हणून त्याला दाबल्याने रोग टळतोच असे नाही, हे तेथे पुन्हा एकदा दिसले. पैसे खर्चायचेच असतील तर आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए मोजावे, असे सांगितले, कारण ते आनुवंशिक आहे आणि दक्षिण आशियाई लोकांत त्याचे महत्त्व मोठे आहे. ते डेसीलिटरला ३८ मिलिग्रॅम, म्हणजे ५० या प्रचलित उंबरठ्याच्या खाली आले.

त्यांचा ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग, दाहाचा जुना निर्देशक) ४४ होता, परंतु हिमोग्लोबिन ९.४ होते. रक्तक्षयात लाल पेशी वेगाने खाली बसतात, त्यामुळे मराठवाड्यातील स्त्रियांमध्ये एकट्या ईएसआरवरून दाहाचा अंदाज बांधणे बहुधा दिशाभूल करते. फेरिटिनचे याच्या उलट आहे. त्यांचे फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) ५८ होते आणि लॅबच्या मर्यादेनुसार ते ‘नॉर्मल’ होते. पण फेरिटिन हेही दाहात वाढणारे प्रथिन आहे. दाह चालू असताना ५८ हा आकडा लोहाची कमतरता झाकू शकतो. ट्रान्सफेरिनची लोहसंपृक्तता ११ टक्के निघाली, तेव्हा कमतरता स्पष्ट झाली. क्लोपिडोग्रेल-अ‍ॅस्पिरिनसोबत डायक्लोफेनॅक घेतलेले असल्याने शौचातील सुप्त रक्तस्रावाची तपासणी केली. ती नकारात्मक आली. त्यांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या.

मग तोंड तपासले. खालच्या दोन दाढा हलत होत्या, हिरड्यांतून दाबताच रक्त आणि पू येत होता, आणि दातांवर काळा थर होता. लग्न झाल्यापासून त्या दिवसातून तीन-चार वेळा मिसरी लावत. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासण्याचे साधन म्हणून घराघरांत असते आणि तंबाखूचे व्यसन आहे का, असे विचारल्यावर बायका प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते व्यसन नसतेच. फेब्रुवारीच्या फाइलमध्येही ‘तंबाखू : नाही’ असेच लिहिलेले होते. प्रश्न ‘मिसरी लावता का?’ असा विचारला तरच उत्तर मिळते. याशिवाय कमरेचा घेर ९२ सेंटिमीटर होता (आपल्याकडील स्त्रियांसाठी ८० ही मर्यादा धरतात), एचबीए१सी (मागील सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा निर्देशक) ८.४ होते, आणि गॅस असूनही भाकरी चुलीवरच होत असे. पोटाभोवतीची चरबी स्वतःच इंटरल्यूकिन-६ सोडते, त्यामुळे अशा शरीरात सीआरपी सतत थोडी वर राहते.

एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ९६ निघाले. झटका येऊन गेलेल्या रुग्णासाठी युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी २०१९ पासून ५५ च्या खालचे उद्दिष्ट ठेवले आहे. चौकशी केली तेव्हा कळले की स्टॅटिनची गोळी त्या दिवसाआड घेत होत्या, कारण शेजारणीने ती ‘गरम’ पडते असे सांगितले होते. सीआरपीच्या आकड्यावर तासभर चर्चा करणाऱ्या घरात ही गोष्ट कोणालाच माहीत नव्हती.

दाढ काढताना

हिरड्यांच्या उपचारासाठी त्या तालुक्याच्या ठिकाणी दंतवैद्यांकडे गेल्या, तेव्हा त्यांना ‘रक्त पातळ होण्याच्या गोळ्या पाच दिवस बंद करून या’ असे सांगण्यात आले. स्टेंट बसवून तेव्हा अकरा महिने झाले होते. झटक्यानंतरच्या पहिल्या वर्षात या दोन गोळ्या एकदम थांबवणे म्हणजे स्टेंटमध्ये गुठळी होण्यास वाट करून देणे, आणि तशी गुठळी झाली तर ती जिवावर बेतते. दाढेतून येणारे रक्त मात्र दाबून, टाका घालून थांबवता येते. दंतवैद्यांशी फोनवर बोलणे झाले आणि त्यांनी ते मोकळेपणाने मान्य केले. गोळ्या चालू ठेवून, एका वेळी एकच दाढ, सकाळच्या वेळी काढली. टाका घातला, कापसाची घडी दाबून ठेवायला दिली आणि ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या द्रावणाने तोंड ओले ठेवायला सांगितले. दोन्ही वेळा रक्त वेळेत थांबले. नंतर खोल स्केलिंगही झाले.

हिरड्यांचा आजार आणि हृदयधमनी विकार यांचा संबंध अनेक पाहण्यांत दिसला आहे, आणि हिरड्यांवर उपचार केल्यावर सीआरपी थोडी उतरते, हेही दिसले आहे. परंतु दात स्वच्छ केल्याने झटका टळतो, असे सिद्ध झालेले नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१२ च्या निवेदनात हे स्पष्ट म्हटले होते. म्हणून मुलाला दातांचा उपचार ‘हृदयासाठी’ म्हणून सांगितला नाही. तोंडात पू असेल तर तो काढायचा असतो; त्याला हृदयाचे निमित्त लागत नाही.

कोल्चिसीनचा प्रश्न

मुलाचा प्रश्न शेवटपर्यंत उरला होता, आणि तो योग्य प्रश्न होता: दाह जर झटक्याचे कारण असेल, तर तो कमी करणारे औषध का देऊ नये?

धमनीतील मेदाच्या थरात दाह असतो, हे रुडॉल्फ फिरखोव यांनी एकोणिसाव्या शतकातच सांगितले होते. त्यावरचे वादळ मात्र गेल्या पंचवीस वर्षांतले आहे. पहिला खुलासा जनुकशास्त्राने केला. ज्यांच्यात जन्मतःच सीआरपी जास्त बनते अशा जनुकीय ठेवणीच्या लोकांना हृदयविकार अधिक होत नाही. उलट इंटरल्यूकिन-६ च्या ग्राहकाचे काम मंद करणारी जनुकीय ठेवण असलेल्यांना तो कमी होतो, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या विश्लेषणांत दिसले. म्हणजे सीआरपी स्वतः गुन्हेगार नाही. तिच्या वरच्या साखळीत काहीतरी आहे. २०१७ साली कॅन्टोस या औषध-चाचणीने ते प्रत्यक्ष दाखवले. झटका येऊन गेलेल्या आणि एचएस-सीआरपी २ किंवा अधिक असलेल्या १०,०६१ रुग्णांवर इंटरल्यूकिन-१ बीटाला रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅबचा प्रयोग झाला. एलडीएल जवळपास तसेच राहिले आणि तरीही दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅम घेणाऱ्या गटात हृदयविकाराच्या घटना १५ टक्क्यांनी घटल्या. त्याच वेळी जीवघेणे संसर्ग वाढले, आणि औषध अतिशय महाग आहे. हृदयरोगासाठी ते रूढ झाले नाही. दोन वर्षांनी सर्ट चाचणीत ४,७८६ रुग्णांना कमी मात्रेत मेथोट्रेक्सेट दिले गेले. त्याने इंटरल्यूकिन-६ किंवा सीआरपी उतरली नाही आणि हृदयालाही फायदा झाला नाही. दाहावरील वाटेल ते औषध देऊन चालत नाही, नेमकी वाट अडवावी लागते, असा या दोन निकालांचा एकत्र अर्थ मी लावतो.

कोल्चिसीन हे गाउटचे जुने, स्वस्त औषध आहे. २०१९ च्या कोलकॉट चाचणीत झटक्यानंतर ३० दिवसांच्या आत रोज ०.५ मिलिग्रॅम सुरू केल्याने घटना २३ टक्क्यांनी घटल्या. २०२० च्या लोडोको-२ मध्ये स्थिर हृदयधमनी विकाराच्या ५,५२२ रुग्णांत ३१ टक्क्यांनी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली या उपयोगासाठी त्याला मान्यता दिली. पण २०२४ साली क्लिअर सिनर्जी या ७,०६२ रुग्णांच्या चाचणीत झटक्यानंतर लगेच दिलेल्या कोल्चिसीनचा फायदा दिसला नाही. चित्र त्यामुळे पूर्वीइतके स्वच्छ राहिलेले नाही, आणि मुलाने वाचलेल्या लेखात हा शेवटचा निकाल नव्हता.

या बाईंच्या बाबतीत निर्णय त्याहून सोपा होता. मूत्रपिंडाचे कार्य मंद असताना कोल्चिसीन शरीरात साठते आणि स्नायू व अस्थिमज्जेला अपाय करू शकते; स्टॅटिनसोबत स्नायूंचा धोका आणखी वाढतो, आणि गावात खोकल्याला सर्रास दिले जाणारे क्लॅरिथ्रोमायसिन सोबत आले तर विषबाधा होऊ शकते. डिसेंबरमध्ये मूत्रपिंड नुकतेच सावरत होते आणि पुडी देणारे दुकानही दोन घरांवर होते. अशा स्थितीत ती गोळी लिहिणे मला अविचाराचे वाटले. शिवाय ज्या औषधाचा फायदा निर्विवाद आहे ते औषधच त्या दिवसाआड घेत होत्या. स्टॅटिन एलडीएलसोबत सीआरपीही उतरवते: २००८ च्या ज्युपिटर चाचणीत एलडीएल १३० च्या खाली पण एचएस-सीआरपी २ किंवा अधिक असलेल्या १७,८०२ लोकांत २० मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिनने सीआरपी ३७ टक्क्यांनी आणि मुख्य घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणून रोसुव्हास्टॅटिन २० आणि एझेटिमाइब १० मिलिग्रॅम अशी एकत्र गोळी रोज रात्री सुरू केली. गोळी ‘गरम’ पडते या समजावर वाद घातला नाही. ती जेवणानंतर ताकासोबत घेतली तरी चालेल, असे सांगितले, आणि ते पुरले. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिनची भर घातली, कारण तिचा मूत्रपिंडालाही लाभ होतो.

पुढील महिने

मिसरी एकाएकी सुटली नाही. आधी दिवसातून एकदा, मग फक्त सकाळी, आणि शेवटी सुनेने घरात ती भाजणेच बंद केल्यावर सुटली. एप्रिलमध्ये एचएस-सीआरपी ३.४ झाली आणि जुलैत २.३, एलडीएल ५१, एचबीए१सी ७.१, हिमोग्लोबिन ११.२. यांपैकी कोणत्या उपायाने सीआरपी किती उतरली हे एका रुग्णावरून सांगता येत नाही; चिकुनगुनियाचा सांधेदाह काळाच्या ओघातही विरतो आणि स्टॅटिनचा परिणाम त्याच महिन्यांत झाला.

२.३ हा आकडाही निश्चिंत करणारा नाही. प्रॉमिनंट, रिड्यूस-इट आणि स्ट्रेंग्थ या तीन चाचण्यांतील स्टॅटिन घेणाऱ्या ३१,२४५ रुग्णांचे एकत्रित विश्लेषण २०२३ साली प्रसिद्ध झाले. पुढील घटना आणि मृत्यू यांचा अंदाज एलडीएलपेक्षा एचएस-सीआरपीवरून अधिक चांगला येतो, असे त्यात दिसले. म्हणून कोल्चिसीनचा प्रश्न बंद केलेला नाही. वर्षभर मूत्रपिंडाचा गाळणदर ६० च्या वर टिकला आणि दोन स्थिर तपासण्यांत सीआरपी २ च्या वरच राहिली, तर तो पुन्हा उघडायचा, असे मुलाशी बोलून ठरले. दर तीन महिन्यांनी ती मोजण्याचा त्याचा बेत मात्र नाकारला. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे आणि तिच्या चिठ्ठीवर एककासह इतकेच लिहिले आहे: एचएस-सीआरपी, मिलिग्रॅम प्रति लिटर, मागील तीन आठवड्यांत ताप, दातदुखी, जखम किंवा मेडिकलची पुडी असल्यास रक्त देऊ नये, तारीख पुढे ढकलावी.